अंगठा म्हणजे वर

‘हवा संपत आल्याचं महादेवी मॅडमनी मला सांगितलं नाही,’ एवढं तक्रारीच्या अर्जात लिहून विनोद थांबला.

पंचफुलाबाई शेजारी शेंगा फोडत बसल्या होत्या. लेक नांदेडच्या पोहण्याच्या तलावावर स्कूबा, म्हणजे पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्याखाली पोहणं, शिकला, गेल्या आठवड्यात मालवणला समुद्राच्या तळाशी गेला आणि मरता मरता वाचला, एवढं त्यांना कळलं होतं. त्याच्या टाकीतली हवा संपली होती. शिकवणाऱ्या महादेवी मॅडमनी आपल्या टाकीची जादा नळी त्याच्या तोंडात दिली, म्हणून तो वर आला. तरी हलगर्जी त्यांचीच, असं त्याच्यासोबत शिकणाऱ्या ग्रुपचं ठरलं होतं. संध्याकाळी अर्जावर सह्या झाल्या की मॅडमचं काम जाणार होतं.

पंचफुलाबाई इस्लापूरच्या. त्यांनी गावाजवळचा धबधबा पाहिला होता, समुद्र नाही.

“पाण्यात बोलता येतंय का रे?”

“न्हाई माय. हातानं खुणा करायच्या.”

“कशा?”

विनोदनं अंगठा वर केला.

“म्हंजे झकास?”

“न्हाई. म्हंजे वर चला. लगेच.”

पंचफुलाबाईंना गंमत वाटली. त्यांनीही अंगठा वर करून पाहिला. “आन् तू काय बघायलतास खाली?”

“कासव! परातीएवढं, माय. उडाल्यासारखं पोहायलतं. मी मागं मागं गेलो.”

“आन् मॅडम?”

“जवळच होत्या.”

“मग तिनं अंगठा दाखवला न्हाई व्हय?”

विनोदनं पेनाला टोपण लावलं. काढलं. पुन्हा लावलं. पंचफुलाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

“उशीर व्हायला,” म्हणत तो उठला.

तलावावर सगळे जमले होते. महादेवी मॅडम कडेच्या खुर्चीवर बसल्या होत्या. आठ दिवसांत त्यांनी एका शब्दानं आपली बाजू मांडली नव्हती. ग्रुपमधल्या दिपालीनं सहीसाठी अर्ज मागितला. विनोदनं तो दिला नाही.

“टाकीतली हवा दाखवणारा काटा लाल खुणेवर गेलेला मला दिसला होता,” तो म्हणाला. “मॅडमनी अंगठाही दाखवला. दोनदा. मी न बघितल्यासारखं केलं. मग त्यांनी माझा हात धरला.”

विनोदनं अर्जाची घडी केली.

“मी तो झटकला.”