गावचा वकील

हिंदुरावांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला, आणि बाळगोंडा पाटलांनी पुन्हा त्यांच्या ताटात गरम भाकरी वाढायला सांगितली.

"पंच बसू द्यात, पाहुणं," पाटील म्हणाले. "मी एकट्यानं शब्द दिला आन् उद्या गाव फिरलं, तर तुमच्या माणसांनी कुठं जायाचं?"

बोलणं रास्त होतं. म्हणूनच हिंदुरावांना त्यावर वाद घालता येईना.

त्यांचं गाव कोयनानगरच्या वरच्या खोऱ्यात. धरण उभं राहिलं होतं आणि यंदाच्या पावसात पाणी घरांत शिरणार होतं. बदल्यात मिळालेली जमीन इथं, सांगलीजवळ, पाटलांच्या गावाच्या माळावर होती. पण हे गाव परक्यांना विहिरीवर पाणी भरू देईल का, गायरानात गुरं सोडू देईल का, कुणालाच ठाऊक नव्हतं. पाटलांचा शब्द मिळाल्याशिवाय एकही घर उठणार नाही, वेळ आली तर इथंच बुडू, असं हिंदुरावांनी देवळासमोर सांगून टाकलं होतं. सामान न्यायला आलेले ट्रक त्यांनी रिकामे परतवले होते. त्यांच्यापुढं बोलायची गावात कुणाची छाती नव्हती.

शब्द आणायलाही मग गावानं त्यांनाच गळ घातली. त्यांचा मूळपुरुष सातारच्या दरबाराचा वकील म्हणून परमुलखात राहिला होता, असं घरात सांगत. उत्तर आणि निरोपाचा विडा हाती पडल्याशिवाय वकील दुसऱ्याचा दरबार सोडत नाही, हे हिंदुरावांनी वडिलांच्या तोंडून ऐकलं होतं. निघताना त्यांची बायको आक्काताई उंबऱ्यात उभी होती.

"मी आल्याबिगर घर सोडू नगंस," ते म्हणाले.

तिनं मान हलवली.

पाटलांकडं मानपान चांगला होता. पाटलांच्या पत्नी राजमतीबाई दिवस मावळायच्या आत आग्रहानं जेवू घालत, झोपायला सोप्यातली चांगली जागा होती. फक्त उत्तर नव्हतं. आधी एक पंच मिरजेला गेलेला. तो आला तर दुसऱ्याला सुतक. माळ तरी दाखवा म्हटलं, तर ओढ्याला पाणी आलंय, वाट बंद आहे, असं पाटलांनी सांगितलं. एकदा हिंदुराव कुणाला न सांगता एस.टी.च्या रस्त्याला लागले. पाटलांचा धाकटा भाऊ धन्यकुमार सायकलवरून मागोमाग आला. आज दुपारी पंच बसणार आहेत, तुम्हीच नसलात तर आम्ही कुणाशी बोलायचं, असं त्यानं अदबीनं विचारलं. हिंदुराव माघारी वळले. दुपारी पंच खरंच बसले. त्यांनी सुपारी कातरली, भुईमुगाच्या पेरणीविषयी बोलले आणि पुढची बैठक ठरवून उठून गेले.

त्याच संध्याकाळी पाटणकडचा एक घोंगडीवाला ओसरीवर टेकला. हिंदुरावांनी खोऱ्याची हालहवाल विचारली. वरच्या अंगाला पाणी झपाट्यानं चढतंय, एका गावाच्या देवळाचं नुसतं शिखर दिसतंय, असं तो म्हणाला. गावाचं नाव त्याला माहीत नव्हतं. पाटलांनी घाईनं त्याच्याकडच्या घोंगड्यांची चौकशी सुरू केली.

हिंदुराव उठले आणि गोठ्यात जाऊन उभे राहिले. डोळ्यांसमोर उंबरा होता आणि उंबऱ्यात मान हलवणारी आक्काताई. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्यांचा शब्द कधी मोडला नव्हता. आजवर त्यांना त्याचा अभिमान वाटत आला होता. आता त्याचीच भीती वाटत होती. उत्तराशिवाय परत गेलं तर गाव हलणार नाही, आणि इथं थांबलं तर हलायला गाव उरणार नाही.

सकाळी गाठोडं काखेला मारून ते पाटलांसमोर आले. डोईचा पटका काढून त्यांनी पाटलांच्या पायावर ठेवला.

"न्हाई म्हणायचं आसंल तर न्हाई म्हणा, पाटील. पर मला जाऊ द्या. माझी माणसं माझ्या बोलण्यापायी पाण्यात हुबी हायती."

पाटलांचे डोळे भरून आले. पटका उचलून त्यांनी स्वतःच्या हातानं हिंदुरावांच्या डोक्यावर ठेवला. मग ते दारातून रस्त्याकडं बघत राहिले.

थोड्या वेळानं धन्यकुमार आला. सायकल चिखलानं माखली होती. "आण्णा, शेवटचा बी आला," एवढंच तो म्हणाला.

पाटलांनी बैलगाडी जुंपायला सांगितली. आपल्याला एस.टी.वर सोडणार, असं हिंदुरावांना वाटलं. शब्द मिळालाच नव्हता. वकिली फुकट गेली होती. पण गाडी उलट्या अंगाला वळली. ओढा आला. पाणी जेमतेम बैलांच्या खुरांपर्यंत होतं.

पलीकडं माळावर ट्रक उभे होते. ताडपत्र्या ताणल्या जात होत्या. आधी त्यांना आपली मोरी म्हैस दिसली, मग ओळखीचे चेहरे. सगळं गाव होतं. एका कडेला आक्काताई तीन दगड मांडून चूल पेटवत होती.

हिंदुराव गाडीतून उतरले. ते ओल्या मातीतच बसले. आक्काताई पदराला हात पुसत जवळ आली आणि त्यांच्यासमोर टेकली.

"अगं, पर पाटलांनी आजून शब्द दिला न्हाई," ते कसेबसे म्हणाले.

"त्यो तर तुमी निघायच्या आदीच आला हुता," आक्काताई म्हणाली. "पर शब्द आला तरी तुमी नवी आट घातली आसती. म्हणून गाव उठंपतूर तुमाला सोडू नगा, आसं मीच पाटलास्नी सांगून धाडलं हुतं."