मागची सीट

शेजारच्या भागवतनं नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली. पूजेसाठी सारे शेजारी तिच्यात दाटीवाटीनं बसून औंढा नागनाथाला गेले. मी मात्र गुडघ्याचं निमित्त सांगून घरी जळत बसलो.

आठवड्यानं भागवत म्हणाला, “काका, एक तकलीफ हाय. मागं कुणी नसलं तरी गाडी पट्टा लावा म्हणून ओरडून राहिली.”

मला फार बरं वाटलं. “मग वापस देऊन टाक की!” मी काळजीनं म्हणालो.

“शोरूमवाला म्हणतो, गाडी बराबर हाय. मागं माणूस बसलेला हाय.”

दुपारी तो एकटाच निघाला. मी फाटकात उभा होतो. आवाज न करता गाडी समोरून गेली. मागच्या सीटवर, माझाच सदरा घालून, मी ऐटीत बसलो होतो.

मी हात केला. मागच्या सीटवरच्यानं ओळख न दाखवता काच वर घेतली.