महिपतच्या वतीनं

“दिवसभर उभं राहणं जमंल का?” कापसाच्या जिनिंगचे मालक नरसिंगराव यांनी विचारलं.

महिपतनं तोंड उघडलं, पण सुनयनाच आधी बोलली. “जमते ना मालक! काईच प्रॉब्लेम नाई. फौजी माणूस आहे.”

महिपतनं तोंड मिटलं. सुरुंगाच्या स्फोटात त्याचा उजवा पाय गुडघ्याखालून गेला होता. तिथं आता नकली पाय होता. सुनयना रोजगार कार्यालयातली. अपंग माजी सैनिकांना नोकरीला लावणं हे तिचं काम. काम कसलं, बाईनं जिवालाच लावून घेतलं होतं! खुर्चीच्या टोकावर बसून ती पेनाचं टोपण काढत होती, लावत होती, पुन्हा काढत होती.

कारणही तसंच होतं. महिपतला तिनं आधी तीन नोकऱ्या मिळवून दिल्या होत्या. कपड्याचं दुकान, गोदाम, पेट्रोल पंप. तिन्ही ठिकाणांहून हा बाबा महिनाभरात पळाला. का पळाला, ते सांगायला तयार नाही. विचारलं की खाली मान. आता आदिलाबादेत कोणी त्याचं नाव ऐकून घेत नव्हतं. राहिली होती ती एवढी एक, जिनिंगच्या फाटकावरची राखणदारी. काल त्याची बायको अश्विनी फोनवर रडली होती. “मॅडम, माणूस बाजेवरून उठूनच नाई राह्यला. जेवतबी नाई. हे जागा हुकली तं मले त्याची आशा नाई.” ते ऐकल्यापासून सुनयनाच्या घशाखाली घास उतरला नव्हता. येताना ऑटोतच तिनं महिपतला दम भरला होता, “महिपतभाऊ, आज तुमी एक शब्द बोलायचा नाई. मी बोलते.”

आणि बोलत तर ती होतीच. रात्रपाळी? जमते. फाटकावरून कापसाच्या गाड्यांपर्यंत सारखी ये-जा? जमते. कोणी चोरी करून पळाला तर? “अहो मालक, तुमच्यामाझ्यापेक्षा जोरात पळतील!”

महिपतनं चमकून तिच्याकडं पाहिलं. तिनं डोळे वटारले.

नरसिंगरावांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “बाई, नोकरी तुमाले पायजे का ह्यायले?”

“ह्यायले.”

“मंग तुमी जरा बाहेर बसा.”

झालं! सुनयना उठून बाहेर आली. बाहेर बाक होता, पण बसवेना. आवारात कापसाच्या गाड्यांची रांग लागली होती, यंत्रांचा धडधडाट चालला होता, तिचं लक्ष मात्र काचेच्या दारावर. आत महिपत बोलत होता. तिच्यासमोर हूं की चूं न करणारा माणूस हातवारे करून बोलत होता! मग त्यानं पँट वर ओढली, नकली पाय काढला आणि मालकाच्या टेबलाला टेकवून ठेवला.

सुनयनानं कपाळावर हात मारला. अरे देवा, केला घात! इतक्या मेहनतीनं झाकून ठेवलेलं सगळं यानं उघडं करून ठेवलं. तिनं दाराची मूठ धरली, सोडली, परत धरली.

तेवढ्यात दार आतूनच उघडलं. पाय नीट बसवून महिपत बाहेर आला.

“काय झालं?”

“फाटकावर नाई घेत म्हणले.”

“तरी सांगितलं होतं, बोलू नका म्हणून! काऊन बोलले तुमी?” तिचा आवाज चिरकला. डोळे भरून आले, आणि ते त्याला दिसले याचा तिला आणखीच राग आला. “अश्विनीताईले आता काय तोंड दाखवू मी?”

“काट्यावर घेतलं मले,” महिपत म्हणाला. “गाड्याईचं वजन करायचं. बसून काम हाये. उद्यापासून या म्हणले.”

सुनयनानं डोळे पुसले. “असं सांगितलं तरी काय तुमी त्यांना?”

“खरं सांगतलं. घंटाभर उभा राह्यलो की पाय सोलते, पळता तं येतच नाई, बसून जे देसान ते काम करतो म्हटलं. त्यायनं पाय पाह्यला, अन् म्हणले, काट्यावरचा माणूस काम सोडून गावाले चालला, तिथं बसशीन का?”

“एवढं सरळ होतं, तर आधीच्या तीन जागी काऊन नाई सांगितलं?”

नेहमीसारखी त्याची मान खाली गेली. मग त्यानं ती वर केली.

“मॅडम, तिथंबी तुमीच बोलल्या होत्या. उभं राह्यते म्हणून शब्द देला होता तुमी. तो खाली पडू नोय म्हणून मोजा रगतानं भरेपर्यंत उभा राह्यलो.”