मंडईचा फोटो

मंगलीचं हिरवं लुगडं तिचा नवरा दुधराम नेसून झाला होता. तोंडाला रंग लागला, हातात बांगड्या चढल्या, आता खांद्यावर पदर तेवढा टाचायचा राहिला होता. दिवाळीनंतर गावात भरणाऱ्या मंडईच्या जत्रेदिवशी ते काम त्यांच्या पोराचं, पिंटूचं. गावच्या दंडारीत, म्हणजे मंडईतल्या नाचगाण्याच्या नाटकात, दुधराम बाईचं सोंग घ्यायचा, आणि नाचता नाचता पदर घसरू नये म्हणून पिंटू सातवीत असल्यापासून पिन लावून द्यायचा. पाहुणा आलेला मंगलीचा भाऊ शालीकराम अंगणातल्या खाटेवर बसून हा सगळा थाट कौतुकानं बघत होता.

"भाऊजी, पिंटूनं तुमचा फोटो फेसबुकवर टाकला म्हणे! आमच्या गावचे पोरं सांगून राहिले होते. मले तं कोणीच नाही दाखवला."

"अरे बाप्पा, तूनं नाही पायला?" दुधराम रंगवलेल्या तोंडानं खुलला. "पिंटू, दाखव नं मामाले. मागच्या मंडईचा. खाली काय लिवलं होतं तूनं?"

"माझे बाबा," पिंटू पुटपुटला, आणि त्यानं खिशातून मोबाइल काढला. काढावाच लागला.

पण फोटो दाखवणार कुठून? परवाच तर त्यानं तो पुसला होता. गोंदियाला आयटीआयमध्ये इंटरव्ह्यूची तयारी करून घेताना सर म्हणाले होते, "कंपनीचे साहेब लोक आता तुमचं फेसबुकही उघडून पाहतात. शिव्या, भांडणं, पार्ट्यांचे फोटो, सगळं साफ करा. घरच्या मोठ्या माणसांना दाखवायची लाज वाटेल, असं काही ठेवू नका."

सरांचं काही चुकलं नव्हतं. पिंटूच्या पानावर ना शिवी होती, ना दारू. हा एक फोटो होता, आणि त्याच्याखाली वर्गातल्या कुणीतरी लिहिलं होतं, 'तेरा बाप नाचनेवाली है क्या?' सोमवारी नागपूरच्या कंपनीचा इंटरव्ह्यू. लागली तर या घरातली पहिली पगाराची नोकरी. साहेबानं नेमकं हेच वाचलं तर? ती कमेंट तेवढी काढता आली असती. त्यानं फोटोच काढला. फेसबुकवरून काढला, आणि मग मोबाइलमधूनही.

आता तो स्क्रीनवर उगाच बोट फिरवत राहिला.

"नेट नाही लागून राहिलं, बाबा."

"काऊन? माह्या मोबाइलात तं फुल टॉवर आहे." मामानं आपला फोन पुढं केला. "हे घे, याच्यात लाव."

पिंटूनं फोन घेतला नाही. खाली गेलेली मान वर येईना, कानशिलं तापली. दुधराम त्याच्याकडेच बघत होता. ओठांवरचं लाल हसू रंगाचं, ते तसंच राहिलं. डोळ्यांतलं मात्र गेलं. सरांनी फेसबुक साफ करायला सांगितलंय, हे पिंटूनंच घरी सांगितलं होतं; बापाला सगळं कळलं.

"राहू दे नं, शालीक," तो म्हणाला. "आमच्या इकडचं नेट असंच हाये. येते, जाते. आता आख्खी दंडारच पायशीन, मंग फोटो कायले पायजे?"

मामाला ते पटलं. पाणी प्यायला तो आत गेला. बाहेर ढोल सुरू झाला होता, गडी दुधरामला हाका मारत होते.

पिंटू पिन घेऊन पुढं झाला. फार वाटलं, बाबांच्या पायांवर डोकं ठेवावं, चुकलो म्हणावं. पण त्यानं पदराच्या निऱ्या तेवढ्या सारख्या केल्या. दुधरामनं नेहमीसारखा खांदा पुढं केला आणि पिन लागेपर्यंत हलला नाही. मग आत ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला,

"सोमवारी साहेबानं इचारलं, बाप काय करते, तं शेती करते म्हणजो. खोटं नाही नं होत ते."