उतू जाणारं दूध

मिशनच्या दवाखान्यातल्या नर्स इस्तेरबाई शेजारी राहायला आल्या, तेव्हापासून पद्माला एकच कोडं पडलं होतं. ही बाई रोज सकाळी शेगडीवर दूध ठेवते, तिथंच पाटावर डोळे मिटून प्रार्थनेला बसते, आणि दूध उतू गेलं तरी डोळे उघडत नाही. असं मागते तरी काय? खिडकीतून बघता बघता पद्माचा जीव वरखाली होई. पण ख्रिस्ती बाईच्या घरात पाऊल टाकायचं नाही, असा सासूबाईंचा दंडक होता. आळीतलं दुसरं कुणी टाकतही नव्हतं.

त्या दिवशी सासूबाई केळझरच्या गणपतीला गेल्या होत्या. इकडे दूध काठाला आलं आणि पद्माला राहवेना. ती तशीच धावत गेली, पदरानं पातेलं धरलं आणि खाली उतरवलं.

इस्तेरबाईंनी सावकाश आमेन म्हटलं आणि डोळे उघडले.

"दूध उतू चाललं तरी उठत नाई तुमी," पद्मा म्हणाली. "येवढं काय मागता वो रोज?"

"शेजारपाजारचं कोणीतरी माह्या घरी यावं. बस, येवढंच."

"मंग आयकते का तुमचा देव?"

इस्तेरबाईंनी फळीवरून चहासाठी दुसरी कपबशी काढली.

पद्मानं खाली आपल्या पावलांकडे पाहिलं, आणि बसायला पाट ओढला.