वेणीतली घुंगरं

वेणीला चांदीची घुंगरं बांधून गाईची धार काढायला जाणारी सून अख्ख्या नारीन खोऱ्यात एकच होती, आणि ती नेमकी बुरुलच्या पदरात पडली होती. लग्नाकार्यात घालायची वस्तू ती! कुंदुझचं मात्र पाणी आणताना, चूल पेटवताना, रोज छुमछुम. त्यात आदळआपट. चहाची वाटी ठेवणार ती सासूच्या उजव्या गुडघ्याशीच, आणि टणकन.

"चहा देतेस की घोड्याला नाल ठोकतेस?" बुरुल म्हणायची.

"हात जड आहे माझा, आपा." आईला म्हणतात तसं ती सासूलाही आपाच म्हणायची.

शाळेत गणित शिकवणारी सून केली ही चूकच झाली, असं बुरुलचं ठाम मत होतं.

धाकट्या मुलीच्या, बेगिमायच्या लग्नाला वीस दिवस राहिले होते. रुखवतात आईच्या हातचा कुराक हवाच. तुकडे जोडून शिवलेली गोधडी ती, पण गावातल्या बायका तिची परीक्षा घेत. उलटीपालटी करून एकेक कोपरा बघत. कोपरे चुकले की घरातली कात्री सुनेकडे जायची आणि म्हातारीनं भिंतीशी बसून लोकर पिंजायची. हे बुरुलला कुणी सांगायला नको होतं. तिच्या सासूचे कोपरे चुकले, तेव्हा भर बायकांत तिच्या हातातली कात्री बुरुलनंच काढून घेतली होती.

आता कुंदुझचं लक्ष त्याच कात्रीवर असणार. नाहीतर बुटांच्या खोक्याचा पुठ्ठा आणि शाळेतला गुण्या घेऊन ती मध्ये कशाला तडमडली असती?

"चार बाजू, आपा. वरची आणि खालची समांतर. डावीकडचे दोन्ही कोपरे काटकोन. उजवी बाजू तिरकी." वर्गात सांगावं तसं मोठ्यानं बोलत ती आखायची.

"मला शाळेत घालतेस? दोन हिवाळे गेले होते मी. मास्तरच पळून गेला."

पुठ्ठा कापल्यावर काटकोनाच्या दोन्ही कोपऱ्यांना तिनं बारीक खाच पाडली. चांगला पुठ्ठा नासला. कापडांचीही तीच तऱ्हा.

"लाल आणि काळ्याला तेवढी कडक खळ दिलीय, आपा. पांढरं-पिवळं मऊच राहिलं. खळ संपली."

"अर्ध्यावर काम सोडायची खोडच तुझी."

पुठ्ठा आयता होता म्हणून बुरुल तो कापडावर दाबून कापायची, एवढंच. दोन तुकड्यांच्या तिरक्या बाजू जुळल्या की सरळ पट्टी तयार व्हायची. तुकडा पालथा पडला तर मात्र तिरकी बाजू भलतीकडे वळायची, आणि नेमका तेव्हाच कुंदुझला खोकला यायचा. बुरुल मुकाट्यानं तुकडा फिरवायची आणि वर ऐकवायची, "मुळ्याचा रस घे मधातून. कान किटले माझे."

अठराव्या दिवशी बायका आल्या. बोरसोकच्या तळलेल्या वड्यांचा वास घरभर पसरला होता. झुमाकान, जिनं आजवर कुणाचंच शिवण धड म्हटलं नव्हतं, तिनं कुराक ओढून पालथा केला. कापड सळसळलं. मांडीवरची कात्री बुरुलनं घट्ट धरली.

"एक कोपरा हललेला नाही गं!" झुमाकान शेवटी म्हणाली. "आणि रंग कसे बसवलेत! गडद लाल-काळ्याशेजारी फिकं पांढरं-पिवळं. साठीतही नजर घारीची आहे तुझी, बुरुल!"

"मग? लोकर पिंजायला बसवायला आला होतात की काय?"

बायका हसल्या.

"आणि सूनबाई काय करत होत्या?" झुमाकाननं विचारलं.

बुरुलनं घुंगरांच्या दिशेनं कान लावला.

"मी नुसता पुठ्ठा कापला," कुंदुझ म्हणाली. "आपांचा हात यायला मला अजून दहा वर्षं लागतील."

चहा संपला, बायका गेल्या. छुमछुम जवळ आली. वाटी टणकन उजव्या गुडघ्याशी बसली.

बुरुलनं कात्री मुठीकडून पुढे केली, घुंगरं थांबली होती तिथं.

"धर. आजपासून तुझी. आणि ती घुंगरं पेटीत टाक. तू कुठं आहेस ते तुझ्या पावलांवरून कळतं मला. आंधळी झालेय मी, पोरी, बहिरी नाही."