मंगळीच्या हातचा गुलाल

अडुसष्ट साली फ्लूची साथ आली. बोईसरजवळच्या एका शाळेत गुरुजींनी वारली पाड्यावरच्या मंगळीच्या दोन्ही तळव्यांना गुलाल फासला.

"पोरांनो, हा फ्लू समजा. मंगळे, रोजच्यासारखा वर्ग झाडून घे, मग सगळ्यांशी खेळ. सुट्टीनंतर बघू, किती हातांना लागतो."

आज गुरुजींनीच सांगितलंय, म्हणजे खेळायला घेतील, म्हणून मंगळी हरखली.

घंटेनंतर गुरुजींनी अडतीस पोरांचे हात उलटसुलट करून पाहिले. सगळे कोरे.

"प्रयोग फसवलास. कुणाला शिवली का नाहीस गं?"

"गेली व्हती गुरुजी. समदी पळाली."

गुलाल लागला होता तो फक्त केरसुणीला.